संगणकाकडून स्प्रिंगकडे : अमेरिकन मोटारीच्या इतिहासातील एक उलटा प्रवास

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा नव्या शोधांची वंशावळ लिहितात. अमुक साली अमुक यंत्र निघाले, तमुक साली त्याची जागा दुसऱ्याने घेतली, असा तो क्रम असतो. बसविलेले यंत्र मालकाने मुद्दाम उपटून काढले आणि त्या जागी आधीच्या पिढीचे यंत्र चढविले, अशा घटनांना त्या वंशावळीत स्थान मिळत नाही. अमेरिकेत 1980 नंतरच्या मोटारींच्या बाबतीत नेमके हेच वारंवार घडले. कारखान्यातून संगणकासह आलेल्या इंजिनातून तो संगणक, त्याला खबर पोचविणारे संवेदक व तारांची जुडगी काढून टाकावयाची आणि 1970 च्या दशकातील साधा कार्बुरेटर व साधा डिस्ट्रिब्युटर बसवावयाचा, हा तेथील घरगुती गॅरेजांतला एक रूढ उद्योग होऊन बसला. त्यास अडाणीपणा म्हणून हसणारे आहेत, तसेच स्वावलंबन म्हणून डोक्यावर घेणारेही आहेत. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते. हा संगणक मुळात इंजिनासाठी बसविलेला नव्हता.

'संगणक नसलेले इंजिन' म्हणजे गणित नसलेले इंजिन नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनाला सतत दोन प्रश्न सोडवावे लागतात : आत शिरणाऱ्या हवेत पेट्रोल किती मिसळावे, आणि ठिणगी नेमकी केव्हा पाडावी. पहिल्याचे उत्तर कार्बुरेटर देतो. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाताना तिचा दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबामुळे बारीक छिद्रातून पेट्रोल वर ओढले जाते. हवा जास्त तर पेट्रोलही जास्त. दुसऱ्याचे उत्तर डिस्ट्रिब्युटरच्या पोटात असते. इंजिनाचा वेग वाढला की तेथील दोन छोटी वजने स्प्रिंगचा ताण झुगारून बाहेर फेकली जातात आणि ठिणगीची वेळ अलीकडे ओढतात. गाडीवर भार हलका असेल तेव्हा व्हॅक्यूमवर चालणारा एक पडदा ती आणखी अलीकडे आणतो. हे सारे गणितच होय. फरक एवढाच की ते धातूत लिहिलेले असते, आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेल्या माणसाला ते वाचता येते, खोडता येते, पुन्हा लिहिता येते.

या गणिताने गाडी उत्तम चालत होती. अडचण गाडीची नव्हती, हवेची होती. 1950 च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले की, लॉस एंजेलिसवर साचणारे डोळे झोंबविणारे धुके हे हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते, आणि त्या द्रव्यांचा एक मोठा उगम म्हणजे मोटार. पुढे 1970 च्या क्लीन एअर ॲक्टने नव्या मोटारींच्या धुरातील घातक घटक सुमारे 90 टक्क्यांनी खाली आणण्याचा आदेश दिला. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, कारखानदारांनी कुरकूर केली. तथापि 1975 पासून बहुतेक नव्या अमेरिकन गाड्यांच्या धुराच्या नळीत उत्प्रेरकाचा डबा आला. हा पहिला डबा कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले पेट्रोल जाळून टाकी. नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर त्याची मात्रा चालत नव्हती.

तिन्ही घटकांचा एकाच डब्यात निकाल लावणारा उत्प्रेरक लवकरच उपलब्ध झाला. परंतु त्याची एक अट होती. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा हे प्रमाण जवळजवळ अचूक राहिले पाहिजे. हवा थोडी जास्त झाली की नायट्रोजनची ऑक्साइडे तशीच निसटतात. पेट्रोल थोडे जास्त झाले की कार्बन मोनॉक्साइड उरतो. छिद्रे आणि स्प्रिंग यांना इतकी काटेकोर नेमकी साधणे शक्य नव्हते. म्हणून धुरातील ऑक्सिजन 'चाखून' मिश्रण क्षणोक्षणी दुरुस्त करणारी व्यवस्था करावी लागली. कॅलिफोर्नियात विकल्या गेलेल्या 1977 च्या व्होल्व्हो गाड्यांत ती प्रथम दिसली. नव्या गाड्यांना नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा मैलास 1 ग्रॅम झाली ती 1981 मध्ये, आणि त्याच वर्षी जनरल मोटर्सने आपल्या जवळजवळ सर्व पेट्रोल गाड्यांत 'कॉम्प्युटर कमांड कंट्रोल' बसविला. संगणक हा अशा रीतीने धुराच्या नळीतील डब्याचा चाकर म्हणून गाडीत शिरला. शेव्हर्लेच्या ज्या व्ही-8 घराण्यावर तो चढविला गेला, त्या घराण्याचा जन्म 1955 चा. इंजिन जुने, कार्बुरेटरही बव्हंशी जुन्याच घडणीचा. त्यावर हे नवे कलम.

कलम कसे होते ते पाहण्यासारखे आहे. कार्बुरेटरमध्ये विजेवर चालणारी एक दांडी सेकंदास दहा वेळा खालीवर होई. खाली किती वेळ आणि वर किती वेळ, हे संगणक ठरवी व त्यावरून पेट्रोल कमीअधिक होई. ही वेळ मोजावयाची कशी? जुन्या डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट जुळविण्यासाठी प्रत्येक मेकॅनिकजवळ असणारे ड्वेल मीटरच त्या कामी योजले गेले. सहा सिलिंडरांच्या मापावर काटा 30 अंशांच्या आसपास हलत राहिला म्हणजे सारे ठीक. नव्या यंत्राची नाडी जुन्या यंत्राच्या उपकरणाने पाहावयाची, असा हा संधिकालीन प्रकार होता. दोषांची भाषा मात्र सर्वस्वी नवी. डॅशबोर्डखालील खाचेत दोन टोके जोडली की 'चेक एंजिन' हा दिवा उघडझाप करून आकडे सांगे. एकदा चमकून थांबला आणि पुन्हा दोनदा चमकला, तर तो बारा. या दिव्याचे नावच दिशाभूल करणारे होते. तो 'इंजिन तपासा' असे बजावी. दोष मात्र पुष्कळदा इंजिनात नसून एखाद्या संवेदकात, फुटलेल्या रबरी नळीत किंवा गंजलेल्या तारेच्या टोकात असे. शब्दाचा सरळ अर्थ घेणाऱ्या मेकॅनिकने इंजिन उघडले, तर त्यात त्याचा काय अपराध? गाडी दहा-पंधरा वर्षांची होईतो हे सुटे भाग दुर्मिळ व महाग झाले, ते जाणणारे हात त्याहूनही दुर्मिळ. संगणक उपटण्याची लाट उठली ती येथून.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणा काढून कार्बुरेटर चढविण्याचे पहिले उदाहरण मात्र याहून जुने आहे. बेंडिक्स कंपनीची 'इलेक्ट्रोजेक्टर' ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा क्रायस्लर समूहाने 1958 च्या काही थोड्या गाड्यांना बसविली. तिच्यातील भाग इंजिनाजवळची उष्णता व दमटपणा सहन करीनात. गाड्या परत घेऊन त्यांतील बहुतेकींना दोन-दोन कार्बुरेटर बसवून देण्यात आले. पुढे बेंडिक्सच्या या पेटंटांचा आधार घेऊनच जर्मनीच्या बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक यंत्रणा उभी राहिली व 1967 मध्ये फोल्क्सवागेन गाडीत आली. 1958 ची माघार आणि 1980 नंतरची माघार वरवर सारखी दिसतात. परंतु पहिलीत स्वतः उत्पादकाने पाऊल मागे घेतले, आणि त्यामुळे इंजिनाखेरीज कशाचेच बिघडले नाही. त्या वेळी धुराच्या नळीत सांभाळावयाचे असे काहीच नव्हते.

काढण्याची कृती वाटते तितकी सोपी नसते. पुष्कळजण केवळ कार्बुरेटर बदलतात अथवा संगणकाची तार सोडवून मोकळे होतात. 1981 नंतरच्या त्या डिस्ट्रिब्युटरमधून वजने, स्प्रिंगा व व्हॅक्यूमचा पडदा हे सारे काढून टाकलेले असते. ठिणगीची वेळ पुढेमागे करणे हे संगणकाकडे सोपविलेले काम असल्यामुळे तो गेला की ती वेळ जवळजवळ एका जागी खिळते. गाडी मंद होते आणि पेट्रोल पिते. मूळ कार्बुरेटर ठेवून त्याची नुसती तार काढावी, तर ती दांडी वरच राहते, मिश्रण दाट होते आणि उत्प्रेरकाचा डबा तापून खराब होऊ लागतो. सबब दोन्ही भाग एकदम बदलावे लागतात : जुना साधा कार्बुरेटर, आणि 1975 ते 1980 च्या काळातला स्वतःची वजने-स्प्रिंगा बाळगणारा डिस्ट्रिब्युटर, ज्याला बॅटरीची एकच तार पुरते. एवढ्यावरही काम संपत नाही. स्वयंचलित गिअरबॉक्समधील टॉर्क कन्व्हर्टरला हमरस्त्यावर घट्ट जखडून ठेवणारा क्लचसुद्धा संगणकाच्याच हुकुमाने चालतो. त्यासाठी निराळा स्विच बसविला नाही तर इंजिन उगीच जास्त फेरे घेते आणि गिअरबॉक्सचे तेल तापते. ज्यास एकच काम करणारी पेटी समजून काढावयास घेतले, ती दहा ठिकाणी हात पसरून बसलेली आढळते.

हे सर्व नीट जमले तर गाडी खरोखर चांगली चालते. ती झटकन सुरू होते, पाय दाबताच उसळते, आणि बिघडली तर मालकाला स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येते. म्हणूनच आपण काहीही गमावले नाही, असे त्याचे प्रामाणिक मत असते. त्याच्या इंजिनाने काही गमावलेलेही नसते. गमावते ते नळीतील डब्याने. आणि तो डबा ज्यांच्यासाठी होता ते रस्त्यावरचे लोक गाडीत बसलेले नसतात. या कृत्यास मालक 'सोपे करणे' म्हणतो, कायदा 'छेडछाड' म्हणतो. एकाच क्रियेला मिळालेली ही दोन नावे दोन वेगळ्या कर्मांवर दृष्टी ठेवून आहेत : एकाचे कर्म इंजिन, दुसऱ्याचे हवा.

कायद्याची दृष्टीही हळूहळूच विस्तारली. 1970 चे कलम केवळ उत्पादक व विक्रेते यांना बांधीत होते. दुरुस्तीचे व्यावसायिक आणि अनेक गाड्या बाळगणाऱ्या संस्था त्याच्या कक्षेत आल्या 1977 च्या दुरुस्तीने, आणि कोणतीही व्यक्ती, म्हणजे आपल्याच अंगणात आपलीच गाडी उघडणारा मालकदेखील, 1990 च्या दुरुस्तीने. मधली वर्षे ही या उद्योगाची बहराची वर्षे होत, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. प्रत्यक्षात धाक होता तो संघीय कायद्यापेक्षा राज्यांच्या तपासणीचा. कॅलिफोर्नियात 1984 पासून सुरू झालेल्या तपासणीत धूर मोजण्याबरोबरच मूळचे भाग जागेवर आहेत की नाहीत हेही पाहिले जाते. 1975 पर्यंतच्या गाड्यांना तीतून सूट आहे. जेथे अशी तपासणीच नाही, तेथे प्रश्न मालकाच्या विवेकावर सोडलेला राहिला.

नंतरच्या गाड्यांबाबत हा उलटा प्रवास अवघड होत गेला. जीपच्या 4.2 लिटर इंजिनावर संगणकाच्या ताब्यातील कार्बुरेटर 1990 पर्यंत होता आणि तो काढून टाकण्याच्या युक्त्या जीपवाल्यांत सर्वतोमुखी होत्या. 1991 मध्ये इंजेक्शनचे 4 लिटर इंजिन आले व त्या युक्त्या निरुपयोगी ठरल्या. 1996 पासून सर्व नव्या गाड्यांना दोषनिदानाची एकच प्रमाणित पद्धत लागू झाल्यावर संगणकाशी बोलण्याची सोय सामान्य गॅरेजातही झाली, आणि त्याला हाकलून देण्याचे एक मोठे कारण नाहीसे झाले. उरल्या त्या 1981 ते 1990 या काळातील कलमी गाड्या. त्यांतील कित्येकींचे विजेचे कार्बुरेटर काढून फेकले गेले आहेत. आणि कॅलिफोर्नियात राहणारा एखादा मालक तपासणीत उत्तीर्ण होण्यासाठी नेमका तोच कार्बुरेटर भंगारवाल्यांच्या आवारांतून शोधीत हिंडत असतो.