सॉग्रास

(शास्त्रीय नाव : क्लॅडियम जमैसेन्स, कुल : सायपरेसी). अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशातील प्रमुख वनस्पती. हे खरे गवत नसून लव्हाळा व नागरमोथा यांच्या कुलातील बहुवर्षायू वनस्पती आहे.

वर्णन : उंची साधारण १ ते ३ मी. पाने लांब व ताठ असून त्यांच्या कडांवर आणि मध्यशिरेच्या पाठीवर सिलिकायुक्त बारीक दाते असतात. पान ओढल्यास हात चिरतो. जमिनीखालील खोडापासून नवे फुटवे येतात. वाढीचा कोंब पानांच्या तळाशी झाकलेला असल्याने वणव्यात पाने जळाली तरी रोप पुन्हा फुटते. मात्र वणव्यानंतर लगेच पाणी चढून खुंट बुडाले, तर मुळांना हवा मिळत नाही आणि रोप मरते.

पोषण : एव्हरग्लेड्सचा तळ चुनखडकाचा आहे व तेथे मूळचे पाणी बहुतांशी पावसाचे. त्यामुळे नैसर्गिक स्थितीत पाण्यातील फॉस्फरस लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असतो. सॉग्रास एवढ्यावर भागवते. तिची वाढ संथ असून पाने दीर्घकाळ टिकतात; पान वाळण्यापूर्वी त्यातील बराचसा फॉस्फरस ती परत शोषून घेते. मुळांवरील फॉस्फेटेज एंझाइमांमुळे कुजक्या सेंद्रिय द्रव्यात अडकलेला फॉस्फेटही तिला मिळतो.

सावली : ओकीचोबी सरोवराच्या दक्षिणेस पाण्याचा निचरा करून उसाची शेती सुरू झाली आणि खतांचा फॉस्फरस कालव्यांतून पाणथळीत उतरला. जादा फॉस्फरस मिळाल्यास सॉग्रासही वाढते, पण पाणकणीस (टायफा डोमिंजेन्सिस) तिच्यापेक्षा फार वेगाने वाढते. पोषण तुटपुंजे असते तोवर चढाओढ मुळांपाशी चालते. ते मुबलक झाले की ती उजेडासाठी होते. सावलीत पाणथळीतील सायपरेसी वनस्पती सामान्यतः पाने लांब व पातळ करतात आणि मुळांवरचा खर्च घटवतात. तथापि संथ वाढीच्या सॉग्रासला दाट पाणकणसावर मात करणे जमत नाही. खोल पाण्यात पाणकणीस मुळांपर्यंत हवाही अधिक चांगली पोहोचवते. म्हणूनच कालव्यांच्या दारांजवळ पाणकणसाचे दाट पट्टे आणि आतल्या भागात सॉग्रास, अशी विभागणी दिसते.

संरक्षण : १९९४ च्या एव्हरग्लेड्स फॉरएव्हर कायद्यानुसार शेतीचे पाणी कृत्रिम पाणथळींतून गाळून सोडले जाते. त्यांत फॉस्फरस शोषण्यासाठी मुद्दाम पाणकणीसच वाढवतात. पाणथळीतील फॉस्फरसची कमाल मर्यादा पुढे अब्जांशी १० भाग ठरली. तरीही पीट मातीत पूर्वी साठलेला फॉस्फरस सावकाश बाहेर पडत राहतो. त्यामुळे येणारे पाणी स्वच्छ झाले, तरी पाणकणसाने व्यापलेल्या जागी सॉग्रास लगेच परतत नाही.