निर्णयसागरी अक्षर

आपल्याकडच्या जुन्या घरांत फडताळातली एखादी पोथी अजून निघते. तिच्या अखेरच्या पानावर बहुधा मुंबईच्या छापखान्याचे नाव असते, आणि पुष्कळदा ते ‘निर्णयसागर’ असते. प्राणहितेच्या अलीकडच्या या मुलखात दुकानांच्या पाट्या तेलुगूत आणि निजामाच्या काळचे दफ्तर उर्दूत. तरी घरात मराठी वाचता आले, त्याचे काही श्रेय त्या छापील अक्षराला दिले पाहिजे.

जावजी दादाजी (1839–1892) लहानपणीच अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरी टाइप सुधारत होते. जावजींनी 1864 मध्ये स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरे कोरणारा हात मात्र त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांचा. नाव मालकाचे राहते, कोरणारा मागे पडतो. म्हणून हे मुद्दाम सांगितले.

काम जिकिरीचे होते. पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ती कांडी तांब्यावर ठोकून साचा घ्यायचा, त्यात शिशाचा रस ओतायचा. इंग्रजीला थोडे खिळे पुरतात. देवनागरीला वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरे धरून शेकडो लागतात. शिवाय शेजारशेजारच्या खिळ्यांच्या शिरोरेषा जुळल्या नाहीत, तर ओळ फुटकी दिसते.

निर्णयसागरी अक्षरात तिरक्या कापलेल्या बोरूची जाड-बारीक रेघ धातूत उतरली आहे. पोटे मोकळी, वळणे भरदार. त्यामुळे ठळक टाइपातली पोथी समईच्या उजेडात वाचता येई आणि बारीक टाइपातली टीपही गिचमीड होत नसे. मूळ श्लोक मोठा, टीका मध्यम, पाठभेद तळाशी बारीक, अशी पाने या टाइपाने साधली. 1886 पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली निघालेली ‘काव्यमाला’ यासाठी पाहावी. माझ्या मते त्या पानांइतके शांत पान मराठी मुद्रणात पुढे क्वचितच झाले.

त्या काळी देवनागरीची मुंबई आणि कलकत्ता अशी दोन वळणे होती. अ, झ, ण यांत फरक ठळक दिसे. पुढे हिंदीच्या प्रमाण लिपीनेही मुंबई वळणाचेच अ, झ, ण घेतले. ल आणि श यांचे मात्र तसे झाले नाही. दोन वाट्यांचा मराठी ल आणि वर गाठ असलेला मराठी श मराठीपुरतेच उरले. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठीसाठी ती रूपे ठरवून दिली. पण तो निर्णय नदीच्या पलीकडचा. आपली मुले देवनागरी गिरवतात ती बहुधा हिंदीच्या पुस्तकातून. मोबाइलवरही उभ्या कान्याचा ल समोर येतो. काही फाँटांत मराठी रूपे असतात, पण मजकुराला मराठीची खूण दिल्यावाचून ती उमटत नाहीत.

मागे एका घरी नातवाने आजीच्या पोथीतला ल पाहून विचारले, “हे कोणतं अक्षर?” आजीने उत्तर न देता बोट धरून पाटीवर तो तीनदा काढून घेतला.