मुलांनीं मुलांस सांभाळिलें

शाळेंतील मुलांच्या आत्म्याची काळजी वाहणें हें फादरांचें काम, अशी आपली सर्वांची समजूत असते. पण जें मूल फादरांस सांगत नाहीं, तें सोबत्यास सांगतें. ही साधी गोष्ट ओळखून तिच्यावर शाळा उभारणारे पुरुष म्हणजे संत जॉन बॉस्को. त्यांच्या संघाचे धर्मगुरू 1906 सालीं तंजावरास व 1928 सालीं मुंबईस आले. म्हणून त्यांचें नांव आपणांस परकें नाहीं. परंतु इटलींतील तुरीन शहरीं, त्यांच्या मूळ घरीं, मुलेंच मुलांस कशीं सांभाळीत हें फारसें कोणी सांगत नाहीं.

तुरीनच्या वाल्दोक्को भागांत फादर बॉस्को गरीब व पोरक्या मुलांस आश्रय देत. कांहीं मुलें हातकाम शिकत, कांहीं लॅटिन. 1855 पासून वरच्या इयत्तांचे वर्ग हळूहळू घरांतच भरूं लागले. मुलें पुष्कळ, धर्मगुरू थोडे. तेथें 1854 च्या ऑक्टोबरांत डॉमिनिक साव्हियो हा बारा वर्षांचा मुलगा आला. ता. 8 जून 1856 रोजीं त्यानें व त्याच्या मित्रांनीं निष्कलंक मरियेची मंडळी स्थापिली. सभासद आपसांत बसून नव्या, एकट्या पडलेल्या व हट्टी मुलांचीं नांवें काढीत, आणि एकेकाचा भार एकेकानें उचलावा असें ठरवीत. ता. 9 मार्च 1857 रोजीं डॉमिनिक वारला. त्यास पंधरावें वर्षही पुरें झालें नव्हतें. मंडळी मात्र मोडली नाहीं.

येथें एक शंका आमच्या मनांत आल्यावांचून राहिली नाहीं. एका मुलास दुसऱ्यावर नजर ठेवावयास सांगितलें, तर त्याचा चहाडखोर व्हावयास कितीसा वेळ लागतो? ज्यांनीं शाळेंत मॉनिटरचा रुबाब सोसला आहे, ते आमच्याशीं सहमत होतील. पण मायकेल मागोनेची हकीकत वाचून आमचें पुष्कळसें समाधान झालें.

1857 च्या शरद ऋतूंत कारमान्योला स्टेशनावर गाडीची वाट पाहतांना फादर बॉस्कोंस हा पोरांचा सेनापति भेटला. बाप नाहीं, आई काबाडकष्ट करणारी. त्यास वाल्दोक्कोस आणिल्यावर तेथील रिवाजाप्रमाणें एक चांगला मुलगा त्याचा रक्षक देवदूत म्हणून नेमिला. मागोनेस न कळत तो त्यास नजरेआड होऊं देत नसे. तोंडून वावगा शब्द गेला कीं टोकी. मागोने उलट त्याचे आभार मानी! महिनाभरानें मागोनेचें खेळावरून मन उडालें. तो कोपऱ्यांत बसून रडूं लागला. सोबत्यानें खोदून विचारलें, तेव्हां मनांतलें बाहेर आलें: इतर मुलें आनंदानें संस्कार घेतात, आपलें अंतःकरण मात्र गुंतलेलें आहे. सोबत्यानें ती गांठ स्वतः सोडविण्याचा आव आणिला नाहीं. पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांकडे जा, असें सांगितलें. फादर बॉस्कोंनींही त्याची उदासी हेरून त्यास जवळ बोलाविलें. पापनिवेदन झालें, आणि मुलगा पुन्हां अंगणांत धांवूं लागला.

पुढें हाच दांडगा पोर ज्यांस लिहितां येत नसे त्यांचीं पत्रें लिहून देई, दुसऱ्यांचे बिछाने घाली, आजाऱ्यांची शुश्रूषा करी. ता. 21 जानेवारी 1859 रोजीं, तेराव्या वर्षीं, तो प्रभूकडे गेला. त्याच वर्षीं, ता. 18 डिसेंबर रोजीं, फादर बॉस्कोंच्या खोलींत सलेशियन संघाची स्थापना झाली. तेथें जमलेल्यांत मायकेल रुआ होता. डॉमिनिकच्या मंडळींतला हा सोबती 1888 सालीं फादर बॉस्कोंच्या जागीं बसला.