बाबासाहेबांच्या बालपणाच्या वाटेवर : महू, सातारा आणि आपली मुले

नांदेड-लातूरकडचे आपण दीक्षाभूमीला जातो, चैत्यभूमीला जातो. बाबासाहेबांचे बालपण जिथे गेले, तिथे मात्र आपल्यापैकी थोडेच पोहोचतात. जायचे ठरवले तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. भिवाच्या बालपणाचे एकच एक घर नाही. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते. नोकरी आणि निवृत्तीबरोबर कुटुंब फिरत राहिले.

महू : मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या या लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. जन्मस्थळी आज भव्य स्मारक उभे आहे. १४ एप्रिल २००८ रोजी त्याचे लोकार्पण झाले. गावाचे नावही आता डॉ. आंबेडकर नगर आहे.

आंबडवे : रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले मूळ गाव. आंबेडकर या आडनावाचे मूळ इथे आहे.

सातारा : निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि तिथून साताऱ्याला आले. माता भीमाबाईंचे निधन इथेच झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाने सातारा हायस्कूलमध्ये इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. ही शाळा तेव्हा राजवाड्यात भरत असे. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. शाळेच्या प्रवेश नोंदवहीत १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद आहे. २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

१९०१ मध्ये वडील खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवाला मिळेना. दुप्पट भाडे देऊनही गाडी मुलांनाच हाकावी लागली आणि रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी स्वतः हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

आई गेली, गावे बदलली, वाटेत पाणी नाकारले गेले. तरी हजेरीपटावरचे नाव तुटले नाही. १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला गेले आणि १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले.

म्हणून या सर्व ठिकाणांत मला ती नोंदवही सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट भागांतून दिवाळीच्या आगेमागे कुटुंबे ऊसतोडीला निघतात. त्यातली बरीच पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे जातात. म्हणजे आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो, नेमके त्याच दिवसांत आपल्याच वस्तीतल्या मुलांची शाळा सुटते.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मूल वयानुसार वर्गात बसते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. मूल गावातच ठेवायचे असेल तर हंगामी वसतिगृहाची मागणी करता येते.

तेव्हा मित्रांनो, साताऱ्याला जरूर जा. शाळा आहे, म्हणून आधी परवानगी घ्या. पण निघण्यापूर्वी आपल्या वस्तीतली कोणती मुले यंदा कोयत्याबरोबर जाणार आहेत, त्यांची यादी करा आणि ती घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. १९१४ क्रमांकाच्या त्या नोंदीला खरे अभिवादन तेच ठरेल.

जय भीम!