मुंबईची पहिली नभोवाणी कंपनी

नभोवाणी म्हणजे सरकारचें खातें, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या रुजली. परंतु मुंबईंत तिचें पहिलें नियमित केंद्र उभें केलें तें एका खासगी व्यापारी कंपनीनें. आणि ती कंपनी तीन वर्षेंहि जगली नाहीं. आज तिचीच हकीकत सांगावयाची आहे.

तिच्यापूर्वीं जें झालें तें हौसेचें होतें. १९२१ च्या ऑगस्ट महिन्यांत टाइम्स ऑफ इंडिया व टपाल-तार खातें यांनीं मिळून मुंबईहून संगीत प्रक्षेपित केलें आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं तें पुण्यास बसून ऐकलें. १९२३ मध्यें मुंबईंत रेडिओ क्लब निघाला. व्यापार म्हणून ह्या धंद्यांत प्रथम पडली ती इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनीं तिच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन केलें. महिन्याभरानें कलकत्त्याचें केंद्र सुरू झालें.

कंपनीचें भांडवल कागदावर १५ लाखांचें, प्रत्यक्ष जमलें ६ लाख; आणि त्यांतील मोठा भाग दोन केंद्रांच्या उभारणींतच खर्च झाला. उत्पन्नाच्या वाटा दोन. परदेशांतून येणाऱ्या बिनतारी सामानाच्या किमतीवर शेंकडा १० प्रमाणें पट्टी, आणि श्रोत्यांच्या परवान्याची फी. परवाना वर्षाला १० रुपयांचा. पैकीं ८ रुपये कंपनीचे. १९२९ अखेर साऱ्या हिंदुस्थानांत परवाने होते ७,७७५. आतां हिशेब आपणच करा : वर्षाचे सुमारें ६२ हजार रुपये. एवढ्यांत दोन केंद्रें, त्यांचे यंत्रज्ञ, गवई, वादक, साजिंदे!

चालकांना दोष देणें सोपें आहे. मला तें न्याय्य वाटत नाहीं. खरी अडचण मालाच्याच स्वरूपांत होती. केंद्राची शक्ति दीड किलोवॅट. साध्या खड्याच्या यंत्रावर तें सुमारें ३० मैलांपर्यंत ऐकूं येई. त्यापलीकडच्या माणसाला नळ्यांचें परदेशी यंत्र हवें, आणि तें मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या आवांक्याबाहेरचें. उलट ३० मैलांच्या आंत स्फटिकाचा एक खडा, तारेचें वेटोळें, कानाला लावावयाचा फोन व गच्चीवर ताणलेली तार एवढ्यावर भागे. बॅटरीसुद्धां नको! ही तार गाणें धरण्याची कीं धोतर वाळविण्याची, हें रस्त्यावरून कोणीं ओळखावें? नाटक कंपनीचा मालक दारावर माणूस बसवून तिकीट तपासतो. ह्या कंपनीच्या नाट्यगृहाला भिंतीच नव्हत्या, मग दार कुठलें?

१ मार्च १९३० रोजीं कंपनीचें दिवाळें निघालें. व्यापारी व श्रोते यांची निकड पाहून सरकारनें १ एप्रिलपासून दोन्ही केंद्रें प्रयोगादाखल आपल्याकडे घेतलीं. पण खर्च सरकारलाहि जड झाला आणि १० ऑक्टोबर १९३१ ला केंद्रें बंद करण्याचा हुकूम सुटला. लोकांनीं इतका ओरडा केला कीं नोव्हेंबरांत तो मागें घ्यावा लागला. ज्या नगरांनीं कंपनीला पोसलें नाहीं, त्यांनाच आतां तो आवाज बंद पडलेला सोसेना!

बिनपरवाना यंत्र बाळगणेंच गुन्हा ठरविणारा कायदा १९३३ मध्यें झाला व १ जानेवारी १९३४ पासून अंमलांत आला. १९३३ अखेर परवाने होते सुमारें ११ हजार. एका वर्षांत ते १६ हजारांवर गेले. त्या वेळीं लंडनहून लघुलहरींवर येणारे कार्यक्रमहि ऐकूं येत असल्यानें सारें श्रेय कायद्याला देतां येणार नाहीं. तथापि हा कायदा १९२७ मध्यें असता, तर कंपनीला निदान कांहीं वर्षांची उसंत मिळाली असती. १९३६ च्या जूनमध्यें सरकारी सेवेला ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें आणि खासगी कंपनीचा विषय दीर्घ काळ मागें पडला.

नभोवाणीवर व्यापार परतला तो निराळ्या वाटेनें. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणें व नागपूर येथें विविध भारतीवर जाहिराती ऐकूं येऊं लागल्या. कार्यक्रमाचे पैसे आतां साबण व तेल विकणारे भरूं लागले, आणि गच्चीवरची तार कशाची, हें विचारण्याचें व्यापाऱ्याला कारण उरलें नाहीं.