लोहा ते वेळास, जानेवारी 2003

जानेवारी 2003. लोह्याजवळच्या माळेगावची यात्रा नुकतीच पांगली आहे. लोह्यात तुम्ही कमांडर जीपमध्ये पुढच्या सीटवर बसता. खिशात मोबाइल नाही. घरी खुशाली कळवायची तर वाटेत एसटीडी बूथ शोधायचा. अहमदपूर, लातूर, बार्शी मागं पडतात. भिगवणजवळ वाट थोडी वाकडी करा. उजनीच्या फुगवट्यात, उथळ पाण्यात रोहित पक्षी चोच उलटी धरून चिखल चाळताहेत.

पुणं सोडून ताम्हिणी घाट उतरलात की कोरडी थंडी जाते आणि अंगाला दमट वारा चिकटतो. आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडता, मंडणगड तालुका लागतो आणि पुढं बाणकोटच्या खाडीअलीकडं वेळास. वर समुद्री गरुड घिरट्या घालतोय. त्याच्याकडं नीट बघा. याच पक्ष्याच्या शोधात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं 2002 साली इथं आली होती. वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी माणसं खायला नेत, उरलेली कोल्ही-कुत्री उकरत.

रात्री भरतीला पुळणीवर या. आता संस्थेसोबत अंड्यांची राखण करणारा गावकरी हळूच बजावतो, "बॅटरी विझवा, नायतर ती माघारी जाईल." पाण्यापासून वर ट्रॅक्टरच्या चाकोरीसारखी नक्षी उमटलेली आहे. तिच्या टोकाला ऑलिव्ह रिडले कासवाची मादी मागच्या वल्ह्यासारख्या पायांनी खड्डा खणते आहे. एक वल्हं वाळू उचलतं, बाजूला टाकतं, मग दुसऱ्याची पाळी. खड्डा तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद. पांढरी, गोल, मऊ कवचाची अंडी पडू लागतात. बहुतेकदा शंभराच्या वर. मग ती वाळू लोटते, अंगाच्या भारानं चोपते आणि मागं वळून न बघता समुद्रात जाते. पिलांशी तिची पुन्हा गाठ नाही.

पुढचं काम गावाचं. गावकरी अंडी अलगद काढतो, जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतो. पिलं निघायला दीड-दोन महिने लागतात. नर की मादी हे वाळूची ऊब ठरवते. ऊब जास्त तर माद्या जास्त.

आता काही वर्षं पुढं या. मार्च महिना, कासव महोत्सव. खड्ड्यावर पालथी घातलेली टोपली सकाळी उचलतात. खाली काळपट पिलांची वळवळ. सोडली की ती उजळ क्षितिजाकडं धावतात. पाहुणे गावातच मुक्काम करतात, गावकऱ्यांच्याच पंक्तीला जेवतात. अंडी राखून घरात पैसा येतो, हे गावानं अनुभवलं आणि राखण टिकली.

शेवटचा मुक्काम 2025, गुहागर. 2021 साली ओडिशात गहिरमाथ्याला क्रमांकाची पट्टी लावलेली मादी इथं अंडी घालून गेली. लोह्याकडच्या लिंबोटी धरणातलं मन्याडचं पाणी मांजरा, गोदावरी करत ज्या बंगालच्या उपसागराला मिळतं, त्याच उपसागरातून ती आली. तेव्हा कासव हा कोकणापुरता विषय समजू नका. माळेगावच्या बाजारात जनावर पारखणाऱ्या तुमच्या नजरेला ही राखण लगेच उमगेल. मार्चमध्ये वेळासला जा, तिथल्याच घरात उतरा. तुम्ही दिलेल्या जेवणाखाण्याच्या पैशानं पुढच्या हंगामाच्या राखणीला बळ मिळतं.