पेपरलेस शाळा आणि दोन हजेऱ्या

शाळा 'पेपरलेस' होणार ही बातमी पत्रकारितेत आल्यापासून मी किमान चारदा दिलीय. म्हणून हा जरा मागचा हिशोब.

खरं तर आपली शाळा आधी बिनकागदीच होती. आमच्या आईवडिलांच्या पिढीने पहिली-दुसरी पाटीवरच काढली. लिहिलं, गुरुजींना दाखवलं, ओल्या फडक्याने पुसलं. १९६७ ला बालभारती सुरू झाली आणि पुढे सुरगाण्याच्या नि नाशिकरोडच्या पोराच्या हातात तेच एक पुस्तक पडलं.

ऑनलाइनची सुरुवात मात्र मुलांच्या अभ्यासातून नाही, सरकारला माहिती हवी म्हणून झाली. २०१५ ला 'सरल' आलं. सर्व्हर रात्री जरा मोकळा असतो म्हणून शिक्षक रात्री उशिरापर्यंत सायबर कॅफेत मुलांची नावं भरत बसायचे. अभ्यासासाठीचं तंत्रज्ञान आलं ते सोलापूरच्या परितेवाडीतून. डिसले गुरुजींनी पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले, पुढे ते राज्याच्या पुस्तकांवर छापले गेले. म्हणजे व्हिडिओसुद्धा वर्गात आला तो कागदावर बसूनच!

मग मार्च २०२०. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत व्हॉट्सॲपवर अभ्यास यायला लागला, जुलैत सह्याद्रीवर 'टिलीमिली' लागली. गंगापूर रोडच्या फ्लॅटमधलं पोर लॅपटॉपवर बसलं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर घरात फोन एकच, आणि तो बापाबरोबर दिंडोरीच्या द्राक्षबागेत मजुरीला. अशाच एका पाड्यावर मी गेलो होतो. गुरुजी ओट्यावर बसून स्वाध्यायाचे झेरॉक्स वाटत होते, खर्च स्वतःच्या खिशातून. बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी मथळा बघितला तर त्यात 'ऑनलाइन शिक्षणाचा उजेड'! मीही गप्प बसलो. अजून टोचतं ते.

पुढची गंमत बघा. २०२३-२४ ला दप्तराचं ओझं कमी करायचं म्हणून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत वहीची कोरी पानं घातली. २०२५ ला तो निर्णय रद्द. आणि त्याच २०२३ च्या डिसेंबरपासून हजेरी मोबाइलवरच्या चॅटबॉटवर.

परवा त्र्यंबक तालुक्यातल्या एका ओळखीच्या गुरुजींना विचारलं, कसं चाललंय? सकाळी हजेरीपत्रकावर सह्या-खुणा, मग तीच हजेरी मोबाइलवर, मग पोषण आहाराची नोंद वेगळी. रेंज मिळते ती शाळेमागच्या टेकाडावर. दोनच शिक्षक, त्यातला एक तिकडे गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. 'आणि तपासणीला साहेब आले की आधी काय मागतात?' मी विचारलं.

'हजेरीपत्रक. कागदाचं.'

आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षक मंडळींनी कळवा: एकच माहिती तुम्ही किती ठिकाणी भरता, आणि त्यात वर्गाचा किती वेळ जातो. नाव छापणार नाही. या वेळी मथळा मीच देणार.